पाडवा, राहुट्या आणि तमाशाचा हंगाम

मी मूळचा तिसगावचा, तालुका पाथर्डी. शेजारीच मढी. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथे कानिफनाथांची यात्रा. आणि आपल्याकडे यात्रा-जत्रा म्हटलं की तमाशा आलाच. तर आज बोलू या फडाच्या हंगामाबद्दल.

फड दसऱ्याला बाहेर पडतात, बुद्धपौर्णिमेच्या सुमारास थांबतात. पण खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांची. त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. पाडव्याच्या आसपास गावोगावची पुढारी मंडळी तिथे येतात, घासाघीस होते, सुपारी ठरते.

आता हिशोब बघा. मालक कलाकारांना उचल आधी देतो, बऱ्याचदा व्याजाने पैसे काढून. खर्च आधी, पैसा शेवटी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, वर्षभराचं काम एकाच रिलीजवर!

२०२० चा पाडवा होता २५ मार्चला. देशभर लॉकडाऊन सुरू झाला तोही त्याच दिवशी. जत्रा रद्द, सुपाऱ्या गेल्या. व्याज मात्र चालूच. २०२१ चा चैत्रही तसाच गेला. त्याच मे महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या, संगमनेरच्या कांताबाई सातारकर कोरोनाने गेल्या. तुकाराम खेडकरांच्या माघारी स्वतःचा फड उभा करणारी ही बाई.

फड पुन्हा निघाले, पण अख्खं वर्ष अजूनही त्या दोन महिन्यांवरच टेकलेलं आहे. म्हणून सांगतो, यंदा गावात फड आला तर नुसतं रील काढून निघू नका. गण-गवळण झाली की वग असतो. तो संपेपर्यंत बसा.