तळटीप : ‘वावटळ’

* लेखकाने इथे वावटळ आणि चक्रीवादळ एकाच अर्थाने वापरले आहेत. पनवेलकरांच्या बोलण्यात ते चालतेही, हवामानशास्त्रात नाही. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळून रायगड जिल्हा झोडपणारे ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ : अरबी समुद्रात जन्मलेले, शेकडो किलोमीटर पसरलेले, हवामान विभागाच्या श्रेणीत ‘तीव्र’, म्हणजे ताशी ८९ ते ११७ किलोमीटर वाऱ्याचे.

टोर्नेडो मात्र गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीपर्यंत लोंबतो. रुंदी बहुधा काहीशे मीटर. खालचा वारा एका दिशेने, वरचा दुसरीकडे आणि जास्त वेगाने. मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. वर चढणारा उबदार झोत हे लाटणे उभे करतो.

वेग मोजणार कसा? वाटेतले यंत्र तोच मोडून टाकतो! म्हणून शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये पंचनाम्याची वाट धरली : काय मोडले, त्यावरून वाऱ्याचा अंदाज. अमेरिकेत २००७ पासून त्यांचीच सुधारित पट्टी चालते, शून्य ते पाच. पाचव्या पायरीला वारा ताशी ३२० किलोमीटरच्या वर. चांगले बांधलेले घरही पायावरून साफ पुसले जाते.

उन्हाळ्यात मैदानावर गरगरणारी धुळीची वावटळ तिसरीच. तिला ढग लागत नाही, तापलेली जमीन पुरते. — संपा.