उत्तरार्धाचे ओझे

पराक्रमी कुटुंबाची कथा पहिल्या भागात संपते तेव्हा तिचा खरा प्रश्न सुटलेला नसतो. तो पुढच्या पिढीवर ढकललेला असतो. ब्रॅड बर्ड यांच्या ‘द इन्क्रेडिबल्स’ (2004) या सचेतपटाचा दुसरा भाग 2018 साली आला, तेव्हा आम्हांला याची तीव्रतेने आठवण झाली. हिंदीत ‘हम हैं लाजवाब’ या नावाने आलेला पहिला भाग आमच्या पिढीने प्रेमाने पाहिला होता. दुसऱ्याने गल्ला भरपूर जमवला, समीक्षकांचे कौतुकही मिळवले. आमची मात्र निराशा झाली.

कारण सांगायला हवे. पडद्याबाहेर चौदा वर्षे गेली, पडद्यावर चौदा मिनिटेही गेली नाहीत. पहिल्या भागाचा शेवटचा क्षण हाच दुसऱ्याचा पहिला क्षण. महामानवांवरची बंदी तशीच आहे. बॉबला आपल्या मोठेपणाची चिंता पुन्हा पहिल्यासारखीच लागते. व्हायोलेटने धीर करून जोडलेल्या मुलाची तर स्मृतीच पुसली जाते. जणू या घराने पूर्वी काही कमावलेच नव्हते. हेलनने घराबाहेर पडून पराक्रम करणे आणि बॉबने मुले सांभाळणे ही कल्पना चांगली होती. पण तिची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. उत्तरार्धाचे खरे भांडवल म्हणजे लोटलेला काळ. तोच येथे नाकारला आहे.

इतिहासाला अशी सवलत नाही. भोर तालुक्यात रायरेश्वराच्या परिसरात कारी हे गाव आहे. येथले कान्होजी जेधे रोहिडखोऱ्याचे देशमुख. 1659 साली अफजलखान चालून आला तेव्हा आदिलशहाने मावळच्या देशमुखांना खानाला मिळण्याची फर्माने धाडली. त्याच खोऱ्यातले उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी मात्र पाच मुलांसह शिवाजी महाराजांपुढे उभे राहिले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. पूर्वार्ध म्हणून याहून देखणे दृश्य कोणते असेल? पुढच्याच वर्षी पावनखिंडीत हिरडस मावळचे बांदल आणि भोरजवळच्या सिंदचे बाजीप्रभू लढले. त्यानंतर दरबारातील अग्रमानाचे पान जेध्यांनी बांदलांसाठी सोडले, अशी जेध्यांच्या करीन्याची साक्ष आहे.

आमची व्याख्याने, नाटके आणि पाठ्यपुस्तके बहुधा येथेच पडदा पाडतात. पण उत्तरार्ध घडलाच. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत कान्होजींच्याच मुलांपैकी शिवाजी जेधे मोगलांकडे गेले. तेव्हा महाराजांनी त्यांचे भाऊ सर्जेराव यांची पत्राने कडक कानउघाडणी केली आणि एकनिष्ठ राहिल्यास अभयही दिले. ज्या वतनावर बापाने पाणी सोडले होते, त्याच वतनाचा प्रश्न मुलांपुढे पुन्हा उभा राहिला होता. औरंगजेब वतनांचे आमिष दाखवत होता. पुढे राजाराम महाराजांनाही सरदार राखण्यासाठी वतने द्यावी लागली.

हा उत्तरार्धही निराश करतो. पण ही निराशा वेगळ्या जातीची आहे. चित्रपटात काहीच बदलले नाही म्हणून आम्ही खट्टू झालो. कारीच्या कथेत सारे बदलले म्हणून अस्वस्थ होतो. शत्रू बदलला, राजा बदलला, दुष्काळ आणि फौजा यांनी मावळ पिचला. शिवाय बापाचा त्याग मुलाला वारसाहक्काने मिळत नाही. तो त्याला नव्याने करावा लागतो. एक भाऊ घसरला, दुसऱ्याला सावरावे लागले, यात कान्होजींचे मोठेपण उणे होत नाही. उलट 1659चा तो निर्णय किती अवघड होता, हे यावरूनच कळते.

जेध्यांच्याच घराण्यातून मिळालेली ‘जेधे शकावली’ लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केली. तिच्या नोंदी 1697पर्यंत येतात. विजयाच्या दिवशी त्या थांबत नाहीत. तिच्या कोरड्या तिथ्यांत नाट्य नाही, पण काळ मात्र पुढे सरकतो.

विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. तोरणा-राजगडाच्या छायेतल्या या कथा वाचताना पूर्वार्धाच्या टाळ्यांपाशी थांबू नका. नायकाच्या मुलांचे पुढे काय झाले हे विचारा. उत्तर मनासारखे नसेल. पण स्मृती पुसून मिळवलेल्या सुखान्तापेक्षा ते निश्चितच अधिक मोलाचे असेल.