वेठ आणि श्रमदान

१९७९ च्या मे महिन्यात मी सोमनाथच्या छावणीला निघालो तेव्हा डोणगावच्या आमच्या घरात आजीने एकच प्रश्न विचारला: "काय रे बाप्पा, वेठीले चालला का?"

दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. मे महिन्यात आमच्या मेहकर तालुक्यातली काळी जमीन हात जाईल इतकी भेगाळलेली असते. अशा उन्हात शहाणा माणूस बैलदेखील सावलीत बांधतो. आणि हे पोर पदरचे भाडे खर्चून चंद्रपूर जिल्ह्यात माती उपसायला चालले होते! आजीला वेठ आठवली यात नवल ते काय?

वेठ म्हणजे हाक आली की हातचे टाकून धावायचे. त्या ओझ्याचा सर्वांत जड वाटा महारांच्या डोक्यावर असे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते याच जाचावर बोट ठेवण्यासाठी. पिढ्यान् पिढ्या फुकट राबलेल्या समाजापुढे जाऊन 'बाबांनो, श्रमाचे दान करा' असे म्हणायला छाती लागते. गाडगेबाबा गावात शिरले की आधी स्वतः झाडू लागत, उपदेश रात्री कीर्तनात. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेतून श्रमाची थोरवी विदर्भाच्या घराघरांत नेली, ती याच वाटेने.

मौज अशी की, हीच वाट दूर युरोपातही कोणी शोधत होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेझोल नावाच्या स्विस इंजिनिअराने फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या उद्ध्वस्त एन गावी घरे उभारण्यासाठी स्वयंसेवक जमविले. कालचे शत्रू असलेले जर्मनही त्यांत होते! १९३४ च्या भूकंपानंतर हाच गृहस्थ बिहारमध्ये आला. त्याच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी पुढे पन्नाशीच्या दशकात बाबा आमट्यांच्या आनंदवनात इमारती उभारायला हात लावला. ज्या वस्तीकडे आसपासचे लोक फिरकत नव्हते, तिथे परदेशातली पोरे विटा वाहत होती. साठीच्या दशकाच्या अखेरीस बाबांनी मूलजवळच्या सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिच्यामागे हा अनुभव असणारच.

आता माझी गोष्ट. पहाटे कुदळ-फावडी घेऊन बांधावर जायचे, ऊन चढले की परतायचे, दुपारी व्याख्याने आणि वाद, रात्री गाणी. पहिल्याच दिवशी माझ्या तळहातांना फोड आले. शेजारी एक कुष्ठमुक्त गृहस्थ काम करीत होते. त्यांच्या बोटांची पेरे झडलेली. पण घमेले असे उचलीत की माती सांडायची नाही. "दादा, दांडा आवळू नका, सैल धरा," एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी मला तांब्याभर पाणी पुढे केले. आणि वाचकहो, मी 'तहान नाही' म्हणालो. घसा कोरडा पडला होता. त्यांनी तांब्या खाली ठेवला, पुन्हा घमेले उचलले. तिसऱ्या दिवशी मीच पाणी मागितले. त्यांनी दिले, हसले नाहीत की काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात मी किती ब्रास माती काढली असेन? एखाद्या सराईत मजुराने अर्ध्या दिवसात काढली असती तेवढीही नाही.

म्हणूनच अशा शिबिरांचा हिशेब मातीत मांडला की मला हसू येते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, निघाली. १९७३ मध्ये 'दुष्काळाविरुद्ध युवक' म्हणून विद्यार्थी कामाला लागले. पण बहात्तरच्या दुष्काळातले खरे बांध आणि रस्ते रोजगार हमीवरच्या बायाबापड्यांनी खोदले, हे विसरता येत नाही.

मात्र २०१८ च्या उन्हाळ्यात हिशेबही थोडा बदलला. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत ७५ तालुके उतरले. ८ एप्रिल ते २२ मे, असे ४५ दिवस गावेच्या गावे खोदत होती. आमच्या जिल्ह्यातले मोताळा तालुक्यातील सिंदखेड त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकाच्या गावांत आले. १ मेच्या महाश्रमदानाला माझी सोळा वर्षांची पुतणी तिकडे गेली होती. संध्याकाळी ती तळहात दाखवू लागली. मी विचारले, "पाणी कोणाच्या हातचे प्यालीस गं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "काका, तिथे टँकर होता," ती म्हणाली, आणि हळद शोधायला स्वयंपाकघरात गेली.