सडपातळ अंगातली साखर

आजचा एपिसोड माझ्या ब्लड रिपोर्टपासून सुरू होतो. मी दौंडचा, वय २८, वजन ५८ किलो. तरी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये साखर 'प्रीडायबेटिक' निघाली. घरी सांगितलं तर आजी आईला म्हणाली, "पोटुशी होतीस तेव्हा धड जेवायची नाहीस. आता भोगतंय पोरगं." आई काहीच बोलली नाही. ते मला लागलं, म्हणून वाचायला बसलो. उत्तर सापडलं शेजारच्या शिरूर तालुक्यात.

१९९३ साली पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पाबळ-केंदूर पट्ट्यातल्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदरपणाआधीपासून बायकांची उंची, वजन, आहार, कष्ट, सगळं मोजलं. आयांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो. बाळं साधारण २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं दिसायला किडकिडीत, पण त्यांच्यात कमी होते ते स्नायू. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे बारीक दिसणारं, पण आतून चरबी असलेलं बाळ. मोठेपणी मधुमेहाचा धोका वाढतो तो अशा बांध्यामुळे.

इथे एक लक्षात घ्या. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. आपण बोलतोय ते टाइप २ बद्दल.

मग आया कमी जेवत होत्या म्हणून हे झालं का? गंमत म्हणजे, नुसत्या कॅलरींचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, पालेभाजी आणि फळांशी. शेतातली आणि घरातली कामं जास्त करणाऱ्या आयांची बाळं लहान होती. निम्म्याहून जास्त आयांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं.

आता माझा हिशोब. हा अभ्यासाचा निष्कर्ष नाही बरं का. माझ्या आईचा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायची, घरी शिजायचा तो लाल मिलो. मुलीची स्त्रीबीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे मी ज्या बीजापासून झालो, ते बीज त्या खडीच्या ढिगाऱ्यावर आजीच्या पोटात होतं!

हे आजीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तेव्हा दूध डेअरीला जायचं. पोरीबाळींना कोण देणार?" त्या दिवसापासून आईला ती तसं बोललेली नाही.

२०१२ पासून त्याच गावांत 'प्रिया' नावाचा प्रयोग सुरू झाला. अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना, ते आईबाप होण्याआधीच, बी-१२ च्या गोळ्या दिल्या गेल्या, पुढच्या पिढीत फरक पडतो का ते बघायला. मुलींबरोबर मुलांनाही, हे मला आवडलं.

तुम्हीही बारीक असाल तर "मला काय होतंय" म्हणू नका, साखर तपासा. आणि आजीला विचारा, ७२ साली घरात काय शिजायचं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!