रे रोड: हार्बरचं पहिलं टोक

हार्बर लाइनचा इतिहास सांगताना लोक थेट 3 फेब्रुवारी 1925 वर येतात. त्या दिवशी बोरीबंदराहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी सुटली, म्हणून. मला हे पटत नाही. त्याआधी चौदा वर्षं हार्बर चालू होती आणि तिचं शेवटचं स्टेशन होतं आमचं रे रोड.

12 डिसेंबर 1910 रोजी जीआयपी रेल्वेने कुर्ला ते रे रोड मार्ग सुरू केला. लॉर्ड रे 1885 ते 1890 मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं हे नाव. इथवर रूळ आले ते बंदरासाठी. पोर्ट ट्रस्ट तेव्हा माझगाव-शिवडीचा किनारा भराव घालून पूर्वेला सरकवत होतं. 1914 मध्ये अलेक्झांड्रा गोदी उघडली, पाठोपाठ पोर्ट ट्रस्टची स्वतःची मालगाडीही धावू लागली. रे रोडच्या दक्षिणेला मात्र माझगाव, डोंगरीची दाट वस्ती. त्या गर्दीतून बोरीबंदरापर्यंत जमिनीवरून रूळ न्यायचे कुठून? अखेर ते उंचावर चढवले. डॉकयार्ड रोड उंचावर, सँडहर्स्ट रोडला तर हार्बर मुख्य मार्गाच्या डोक्यावरून जाते. हा जोडमार्ग आणि 1500 व्होल्टची वीज एकदमच आली, आणि बोरीबंदर हे टोक झालं.

माझे वडील गोदीत कामाला, राहायला आम्ही घोडपदेवला. माझ्या लहानपणी स्टेशनात सोयी म्हणजे तिकीट खिडकी, पाण्याचा नळ आणि बसायला बाकडी. खिडकीतून पुठ्ठ्याचं तिकीट मिळायचं, त्यावर तारखेचा ठसा. पाळी सुटली की त्या नळावर रांग लागे. ग्रीस आणि गंजाने माखलेले हात धुतल्याशिवाय माणसं गाडीत चढत नसत. पूर्वेला दारूखाना. तिथे मोडीत काढलेल्या जहाजांचे पत्रे, साखळदंड, जाडजूड दोरखंड रस्त्यावरच पडलेले असत. फलाटावरही लोखंडाचा वास यायचा. अशा ठिकाणी वाहता नळ ही किरकोळ सोय नव्हे. स्टेशनांच्या इतिहासात कमानी आणि घड्याळं येतात, नळ येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

2016 मध्ये हार्बरवर 25,000 व्होल्टची एसी वीज आली, नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, त्यासाठी फलाट लांबवले. ते हवंच होतं. आता 12 डिसेंबर 1910 ही तारीखही स्टेशनात येणाऱ्याला ठळक दिसावी, तिकीट काढताना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.