शिकागोतल्या वॉर्डांची गोष्ट

वॉर्डाची हद्द दोन गल्ल्या सरकली की निवडून येणारं माणूस कसं बदलतं, हे तुम्हांला आम्ही वेगळं सांगायला नको. आजची गोष्ट मात्र अमेरिकेतल्या शिकागो शहराची आहे.

तिथे १९७९ साली जेन बर्न महापौर झाल्या. शहराच्या पहिल्या महिला महापौर. कृष्णवर्णीय वस्त्यांनीही त्यांना भरभरून मतं दिली होती. पण १९८२ मध्ये त्यांनी सरकारी घरांच्या मंडळावरचे कृष्णवर्णीय सदस्य काढून गोरे नेमले. त्या घरांत राहणारी बहुतेक कुटुंबं कृष्णवर्णीय! बाई खुर्चीवर बसली की आम्हांला आपसूक आनंद होतो, म्हणून हे सांगताना जरा जड जातं.

लोक चिडले. कार्यकर्त्यांनी सरकारी मदतीच्या आणि बेकारभत्त्याच्या कचेऱ्यांबाहेर मतदारनोंदणी सुरू केली. महिन्याच्या मदतीसाठी आलेल्या आयांची नावं तिथेच यादीत चढली. पाहता पाहता लाखाहून जास्त नवे मतदार झाले, आणि एप्रिल १९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. मतं जेमतेम ५२ टक्के. गोऱ्या वस्त्यांतली बहुतेक मतं विरोधात गेली.

खरी गंमत पुढेच आहे. नगरसभेत वॉर्ड ५०, त्यांतले २९ नगरसेवक महापौरांच्या विरोधात. त्यांनी नेमणुका अडवल्या, ठराव पाडले. महापौर नकाराधिकार वापरत, कारण तो मोडायला लागणारी दोन तृतीयांश मतं विरोधकांकडेही नव्हती. असं तीन वर्षं चाललं.

गाठ होती वॉर्डांच्या नकाशात. शहरात कृष्णवर्णीय सुमारे ४० टक्के, स्पॅनिश भाषक लॅटिनो १४ टक्के; पण हद्दी अशा आखलेल्या की त्यांची मतं विखरून वाया जावीत. हे लोक कोर्टात गेले. नकाशा बदलला आणि १९८६ मध्ये सात वॉर्डांत पुन्हा निवडणूक झाली. एप्रिलअखेरच्या फेरमतदानात २६व्या वॉर्डातून पोर्तो रिकन कुटुंबातले लुईस गुटिएरेझ आले, १५व्यातून मार्लीन कार्टर ही कृष्णवर्णीय बाई.

आता नगरसभेत २५ विरुद्ध २५. बरोबरी झाली की निर्णायक मत महापौरांचं. अडकून पडलेल्या नेमणुका एकेक करून मंजूर होऊ लागल्या.