पंडिता क्षमाबाईंची कन्या : टेनिसपटू लीला राव

राज्य पुनर्रचनेनंतर, १९५६ साली, माझे वडील नागपूरच्या सचिवालयातून भोपाळला बदलून आले. त्यांच्या सामानात कपड्यांची एक ट्रंक होती आणि पुस्तकांच्या तीन, असे आई पुढे अनेक वर्षे सांगत असे. त्या तीन ट्रंकांपैकी एकीत पंडिता क्षमा राव यांची ‘कथामुक्तावली’ होती. माझा जन्म भोपाळचाच. शाळेत संस्कृत घेतल्यावर वडिलांनी ते पुस्तक माझ्या हाती दिले, आणि एक बाई, तीही अलीकडच्या काळातली, संस्कृतात गोष्टी लिहिते याचे मला भारी नवल वाटले. पुस्तक पुढे नोकरीच्या धबडग्यात मागे पडले.

दोन वर्षांपूर्वी नातवाने घरात एक प्रश्न टाकला : विम्बल्डनच्या स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री कोण? सर्वांनी एका सुरात सानिया मिर्झाचे नाव घेतले. उत्तर निघाले लीला राव, साल १९३४. त्या नावाशी मी बराच वेळ अडखळलो, आणि नंतर लक्षात आले की ही तर आमच्या ट्रंकेतल्या क्षमाबाईंची मुलगी. तेव्हापासून जे वाचले, जुळवले, ते या अंकासाठी लिहून काढत आहे.

आरंभ आजोबांपासून करावा लागेल. शंकर पांडुरंग पंडित हे सावंतवाडीकडच्या बांबुळीच्या पंडित घराण्यातले. मुंबई संस्कृत ग्रंथमालेतील ‘रघुवंश’, ‘मालविकाग्निमित्र’, ‘विक्रमोर्वशीय’ यांच्या आवृत्त्या त्यांनी सिद्ध केल्या. तुकोबांच्या गाथेची इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ पासून निघालेली आवृत्ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे नाव परके नाही. पुढे ते पोरबंदर संस्थानचे प्रशासक होते आणि स्वामी विवेकानंद परिव्राजक असताना त्यांच्याकडे मुक्कामास राहिले होते. (विजयालक्ष्मी पंडित यांचे पती रणजित पंडित हेही याच घराण्यातले.) १८९४ साली शंकर पांडुरंग वारले, तेव्हा १८९० साली पुण्यास जन्मलेली क्षमा चार वर्षांचीही झाली नव्हती. वडिलांचा सहवास जिला लाभला नाही त्या मुलीने पुढे १९३९ साली त्यांचे चरित्र संस्कृत पद्यात रचले, ते ‘शंकरजीवनाख्यान’.

क्षमाबाईंचा विवाह मुंबईचे नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी झाला. १९११ च्या डिसेंबरात लीलेचा जन्म झाला. क्षमाबाई स्वतः उत्तम टेनिस खेळत. नऊवारी-पाचवारीच्या वादात अडकलेल्या त्या काळी एका विवाहित, सुशिक्षित गृहिणीने हाती रॅकेट धरावी आणि मुलीच्याही हाती द्यावी, ही गोष्ट लहान नव्हती. घरात सुबत्ता होती म्हणून हे जमले, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण सुबत्ता असलेली इतर शेकडो घरे तेव्हाच्या मुंबईत होतीच की.

१९३१ साली लीलाबाईंनी अखिल भारतीय स्पर्धेत महिला एकेरीचे अजिंक्यपद मिळवले. वय वर्षे एकोणीस. याच सुमारास आई काय करीत होती ते पाहण्यासारखे आहे. गांधीजींच्या सविनय कायदेभंगावर क्षमाबाई अठरा अध्यायांची ‘सत्याग्रहगीता’ रचत होत्या. ती १९३२ साली छापली गेली, तीही येथे नव्हे, पॅरिसला. म्हणजे आईने राज्यकर्त्यांविरुद्धच्या लढ्याचे काव्य परदेशात छापवून घ्यावे, आणि दोनच वर्षांनी मुलीने त्याच राज्यकर्त्यांच्या अंगणात जाऊन त्यांचाच खेळ खेळावा! यात विसंगती आहे काय? मला तसे वाटत नाही. दोघी आपापल्या परीने एकच सांगत होत्या, की तुमच्यापुढे आम्ही कमी नाही. मात्र हा माझा तर्क आहे, हे नमूद करतो.

विम्बल्डन गाठणे म्हणजे काय होते, याची आजच्या वाचकाला कल्पना यावी म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. स्पर्धा जूनच्या शेवटी सुरू होई. मुंबईत तेव्हा पावसाळा लागलेला, गवताची मैदाने बंद. म्हणजे ऐन मोक्याच्या आठवड्यांत घरी सराव अशक्य. बोटीने, सुएझच्या मार्गाने, दोन-तीन आठवड्यांचा प्रवास, आणि त्यात रॅकेटला हात लावायची सोय नाही. तेथे उतरावे तो वेगळीच हवा, ओलसर गवत, आपल्याकडच्यापेक्षा खाली राहणारा आणि झपाट्याने सरकणारा चेंडू. रॅकेट लाकडी, तिच्या तारा जनावराच्या आतड्याच्या. दमट हवेत त्या सैल पडत. शिवाय खर्चाचे काय? १९६८ पर्यंत या मोठ्या स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंना खुल्या होत्या. पैसे घेऊन खेळले की दरवाजा बंद. सुझान लाँग्लाँसारख्या अजोड फ्रेंच खेळाडूने १९२६ साली पैसे घेऊन खेळण्याचा मार्ग पत्करला आणि विम्बल्डन तिला कायमचे दुरावले. आज आपण ज्याला व्यावसायिक कारकीर्द म्हणतो तिला तेव्हा वावच नव्हता. जिंकलात तर चषक, हरलात तर परतीचे तिकीट. दोन्ही वेळा खर्च आपला.

१९३४ साली लीलाबाई पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल या इंग्रज खेळाडूशी खेळल्या आणि जिंकल्या. विम्बल्डनला भारतीय स्त्रीचा हा पहिला विजय. याआधी, १९२९ साली, अँग्लो-इंडियन खेळाडू जेनी सँडिसन येथून गेल्या होत्या; विजयाचा मान मात्र लीलाबाईंचा. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अडामोफ यांच्याकडून त्या हरल्या. या अडामोफ मूळच्या रशियन. पुढे त्यांनी फ्रेंच पत्रकार क्लोद बुर्दे यांच्याशी विवाह केला, आणि बुर्दे महायुद्धात जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यातले प्रमुख कार्यकर्ते ठरले. दोन जवळपास समवयस्क तरुणी लंडनच्या गवतावर समोरासमोर उभ्या, आणि दोघींच्याही घरांत परकी सत्ता उलथण्याची गोष्ट, एकीच्या घरात आधीच आलेली, दुसरीच्या घरात यायची असलेली. इतिहास असे योग जुळवतो आणि कोणाला सांगतही नाही.

पुढच्या वर्षी, १९३५ साली, लीलाबाई पुन्हा गेल्या आणि पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमन यांच्याकडून पराभूत झाल्या. इतक्या लांबून, इतक्या खटाटोपाने जाऊन एका दुपारीत सारे संपणे, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळावे. सरकारी नोकरीत आम्हीही मुलाखतीसाठी दोन दिवसांचा प्रवास करून पाच मिनिटांत बाहेर पडलो आहोत. पण ती तुलना करू नये हेच बरे.

नवल हे की त्या खचल्या नाहीत. १९३६ पासून १९४३ पर्यंत अखिल भारतीय अजिंक्यपद त्यांनी अनेक वेळा परत मिळवले. १९३१ चे पद आणि १९३६ चे पद यांमधली पाच वर्षे मला या कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची वाटतात. एकोणिसाव्या वर्षी अकस्मात जिंकणारे पुष्कळ असतात. पद हातचे गेल्यावर, परदेशात मार खाल्ल्यावर, पंचविशीत ते पुन्हा खेचून आणणारे थोडे.

आणि नेमका या दुसऱ्या बहराच्या वेळी युद्धाने घाला घातला. १९४० ते १९४५ विम्बल्डन भरलेच नाही. १९४० च्या ऑक्टोबरात तर तेथील मुख्य मैदानावरच बाँब पडला. १९४६ साली स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा लीलाबाई चौतिशीत होत्या. पुरुषांत लखनौजवळच्या मलिहाबादचे गौस महंमद यांना निदान १९३९ साली उपांत्यपूर्व फेरीपर्यंत जाता आले. लीलाबाई देशात अजिंक्य असताना त्यांना जगात खेळायला मैदानच उरले नव्हते.

भोपाळकर वाचकांना येथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. आपल्या गावच्या राजकन्या आबिदा सुलतान लीलाबाईंहून दोन वर्षांनी लहान, जन्म १९१३ चा. बेगम सुलतान जहाँ यांच्या करड्या शिस्तीत वाढलेली ही मुलगी घोड्यावर बसली, शिकार खेळली, १९४२ साली विमानचालनाचा परवाना मिळवून बसली आणि १९४९ साली स्क्वॉशची अखिल भारतीय महिला विजेती झाली. एक नवाबाच्या महालातली, दुसरी संस्कृत पंडितांच्या कुळातली. दोन्ही ठिकाणी घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीनेच दार उघडून दिले. आबिदा सुलतान १९५० साली पाकिस्तानात गेल्या, आणि भोपाळने त्यांना जवळजवळ विसरून टाकले. लीलाबाई कोठे गेल्या नाहीत, तरी आपण त्यांनाही विसरलो.

विसरण्याचे एक कारण मला सापडले ते सांगतो. आय.सी.एस. अधिकारी हरिश्वर दयाल यांच्याशी विवाह झाल्यावर त्या लीला राव दयाल झाल्या. दयाल सिक्कीममध्ये राजकीय अधिकारी होते, पुढे नेपाळात भारताचे राजदूत झाले आणि १९६४ साली तेथेच, पदावर असताना, वारले. या काळात लीलाबाई नृत्याकडे आणि संस्कृताकडे वळल्या होत्या. मणिपुरी नृत्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. आईच्या कथांवरून व चरित्रकाव्यांवरून संस्कृत नाटके रचली : ‘बालविधवा’, ‘होलिकोत्सव’, ‘तुकारामचरित’, आणि कुमाऊंच्या सैनिकांवरचे ‘जयन्तु कुमाउनीयाः’. परिणामी टेनिसच्या तक्त्यांत ‘राव’ आहेत आणि आधुनिक संस्कृत नाटकांच्या सूचीत ‘राव दयाल’. टेनिसवाल्यांना नाटके ठाऊक नाहीत, संस्कृतवाल्यांना विम्बल्डन ठाऊक नाही. मराठीवाल्यांना तर दोन्ही ठाऊक नाही, जरी तुकोबांना संस्कृत रंगभूमीवर नेणारी हीच बाई.

खुल्या युगातल्या भारतीय मुलींच्या वाट्याला वेगळे दिवस आले. १९९८ साली निरुपमा वैद्यनाथन यांनी ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मुख्य फेरीचा सामना जिंकला, २००५ साली सानिया मिर्झा विम्बल्डनला पहिली फेरी जिंकल्या, आणि २०२३ साली हांगझोच्या आशियाई खेळांत आपल्या ऋतुजा भोसले यांनी रोहन बोपण्णांबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक घेतले. यांना बक्षिसाचे पैसे आहेत, क्रमवारी आहे, दुखापतीनंतर परतायला पुढच्या आठवड्याची स्पर्धा आहे. लीलाबाईंना वर्षातून एक संधी, आणि सहा वर्षे तीही नाही.

वडिलांच्या ‘कथामुक्तावली’ला मी नवीन बांधणी करून घेतली आहे आणि ती मंडळाच्या ग्रंथालयाला देत आहे. लीलाबाईंचे एकही नाटक मात्र मला अद्याप मिळालेले नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी, विशेषतः ग्वाल्हेर-इंदूरकडून आलेल्या कुटुंबांच्या जुन्या संग्रहात, एखादी प्रत असल्यास कृपया ग्रंथपालांना कळवावे. पुढच्या कोजागिरीला त्यातला एक प्रवेश वाचावा, असा विचार आहे.